रादामेसला घ्यायचं की नाही

प्रिय रादामेस,

पत्र बघून तुझ्या कपाळावर आठ्या पडणार, हे मला इथे बसून दिसतंय. दोन गल्ल्या सोडून राहतो हा म्हातारा, याच्या तोंडाला काय झालं, असं तू बहिणीला विचारशील. तोंडाला काही झालेलं नाही. पण तू समोर आलास की मी तुझ्या खांद्याकडे नि कोपराकडे बघायला लागतो आणि माणसाशी बोलायचं राहून जातं. जन्मभराची खोड आहे, आता जायची नाही. म्हणून लिहितोय. या मोसमात तुला आपल्या बेसबॉल संघात घ्यायचं की नाही, यावर मालक पेर्सिओसाहेबांनी माझा शब्द मागितला होता. तो शेवटचा शब्द मी आज दुपारी देऊन आलो. उद्या सकाळी कचेरीतला लिसांद्रो तुला फोन करेल. त्याच्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. पण पान उलटून शेवट आधी बघू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सगळं क्रमानं वाच, एवढं म्हाताऱ्यासाठी कर.

तू ज्या दिवशी मेक्सिकोहून परत आलास, त्याच दिवशी कचेरीत तुझा विषय निघाला. लिसांद्रो पोरगा हुशार आहे, उत्तरेत, अमेरिकेत, शिकून आलाय, बोलतो कमी आणि दाखवतो जास्त. त्यानं पडद्यावर तुझी सगळी कुंडलीच मांडली. चाळिशी उलटलेली, कोपर दोनदा उघडून शिवलेलं, तिथल्या संघानं सोडून दिल्यावर दुसऱ्या कुठल्याही संघानं बोलावलेलं नाही. म्हणाला, मास्तर, मला तो आवडतो हो, लहानपणी त्याचं चित्र माझ्या भिंतीवर होतं. पण त्याला घेतलं तर चेंडू टाकणाऱ्या एका पंचविशीतल्या पिचरला घरी बसवावं लागेल, त्याचं काय करू? पेर्सिओसाहेब म्हणाले, गावचा माणूस आहे, लोक बघायला येतील. मी म्हटलं, येतील की. पहिल्या रात्री उभं राहून टाळ्या वाजवतील, आणि चेंडू कुंपणापार जायला लागले की तेच लोक त्याच्या आईचा उद्धार करतील. मग साहेब हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, निकानोर, तू ऐकून सांग. तू सांगशील तसं.

ऐकून सांग, म्हणाले. बघून नव्हे. माझी ही तऱ्हा गावात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे, तूही कमी थट्टा केलेली नाहीस. पिचर चेंडू टाकत असताना मी पाठ करून बसतो आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये शिरताना कसा वाजतो ते ऐकतो. डोळा फसतो, कारण उंच, देखणं पोर बघितलं की तो आधीच भाळलेला असतो. कान फसत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. या कानाच्या भरवशावर किती पोरं विमानात बसली!

तर तुझ्या चाचणीच्या दुपारी मी पाठ करून बसलो. साखर कारखाना अजून सुरू व्हायचा होता, रस्त्यावर मोटरसायकली नव्हत्या, डॉमिनो खेळणारेसुद्धा पेंगत होते. तू आधी हलके टाकलेस आणि मग पहिला खरा चेंडू आला. रादामेस, माझ्या अंगावर सरकन काटा आला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच, फाडकन, ज्या आवाजानं उत्तरेतल्या संघांचे पारखी तू निवडला गेलास त्या वर्षी जेवण अर्धवट टाकून मैदानात आले होते तोच आवाज. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. साहेबांना म्हटलं, घ्या. लिसांद्रो वेग मोजायचं यंत्र घेऊन धावत आला, मास्तर आकडा बघा. मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, तुझ्या यंत्राला कान आहेत का? तो म्हणाला, कान नाहीत, मास्तर, पण त्याच्या ओळखीचंही कोणी नाही. मला त्याचा राग आला. चार लोकांत मी त्याला नको ते बोललो.

घरी गेलो तर मागच्या दाराशी पितळी घमेलं ठेवलेलं. त्यात पाणी, मीठ आणि विरघळत आलेला बर्फ. मी आमच्या हिला, कांदिदाला, विचारलं, कुणाला लागलं? तिनं त्या घमेल्याकडे असं बघितलं, जसं काही ते शेजारणीनं आणून ठेवलंय. म्हणाली, मी ठेवलं?  रखवालदारानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की, तुझी निवड चाचणी चालू असताना ती केळी सोलत होती तशीच, हात चिकाचे, पायात घरातल्या चपला, रस्ता ओलांडून फाटकाशी आली. आमचं स्वयंपाकघर डाव्या कुंपणाच्या समोरच, मैदानातलं सगळं आत ऐकू येतं. तिनं विचारलं, कोण पकडतंय? तो म्हणाला, तो कॅचर पोरगा, येइसन. ती म्हणाली, नाही. एवढंच म्हणाली आणि परत गेली.

ते घमेलं कशाचं, तुला सांगायला नको. पण इतक्या वर्षांनी ते समोर दिसलं तरी मला लगेच सुचलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आमचा उलिसेस तुझे चेंडू पकडून मैदानातून आला की आधी सुजलेला हात त्यात घालायचा. कांदिदा शिव्या घालायची, मला, त्याला, तुला, सगळ्या बेसबॉलला. आणि तुम्ही दोघं हसत बसायचात.

येइसनला मी सकाळी गाठलं. हात दाखव म्हटलं. तळवा लाल, सुजून टम्म. तो म्हणाला, मास्तर, माझा ग्लव्ह नवा आहे, कडक आहे म्हणून रादामेसनी त्यांच्याकडचा दिला. त्यात काही नाहीच हो. नुसतं कातडं आणि आत माझा हात. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, आणखी एक सांगू का? ते माझ्याकडे बघतच नव्हते. कुठला चेंडू टाकायचा ते सांगायला मी एक बोट दाखवलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. दोन दाखवली, मान हलवली. चार दाखवली, तेही नको. शेवटी मी कंटाळून मूठ मिटली, काहीच दाखवलं नाही. तेव्हा ते माझ्या गुडघ्याच्या जरा खाली बघत राहिले, हो म्हणून मान डोलावली आणि टाकला. मग शेवटपर्यंत तसंच. मास्तर, मी काही दाखवत नव्हतो हो. मला भीती वाटली.

मलाही वाटली. मी तिथेच पायरीवर बसलो.

तो ग्लव्ह उलिसेसचा, मीच तो आमच्या जेवणाच्या टेबलावर उसवला होता. आतलं भरण काढलं आणि मेणाच्या दोऱ्यानं पुन्हा शिवला. आपल्याकडे पोरं शिकवणारा कोण ते करत नाही? भरण काढलं की साधा चेंडूसुद्धा बंदुकीसारखा वाजतो. उत्तरेतली पारखी माणसं खुर्चीत सावरून बसतात आणि पिचरचं नाव विचारतात. कॅचरचं नाव कुणी विचारत नाही. उलिसेसला ते माहीत होतं. त्याच्या सुजलेल्या हातात बॅट धरवायची नाही, तरी तो तुझ्यासाठी बसायचा, आणि तू टाकलास की माझ्याकडे बघून डोळा मारायचा. तू निवडला गेलास त्या रात्री तो तुझ्याहून जास्त नाचला. पुढच्याच आठवड्यात म्हणाला, बाबा, ग्लव्ह चोरीला गेला. मी त्याला म्हटलं, एवढी एक वस्तू सांभाळता येत नाही? तो मान खाली घालून उभा राहिला. म्हणजे त्यानं तो तुला विमानतळावर दिला होता. इतक्या वर्षांनी मला हे येइसनच्या तळव्यावरून कळावं ना.

तू मुद्दाम तो आणलास का, हे मी विचारणार नाही. मला फसवायला आणला असशील तर आम्हीच शिकवलेलं केलंस. आणि तुला त्याच्याशिवाय टाकताच येत नसेल, तर ते मला समजतं. डेंग्यूनं उलिसेस गेला तेव्हा तू तिकडे होतास, आणि त्याच संध्याकाळी तू पूर्ण सामना खेळलास असं इथे रेडिओवर सांगितलं. मी तेव्हा तुला खूप शिव्या दिल्या. कांदिदा म्हणाली, अरे, मैदान सोडून रादामेस आणखी कुठे जाईल? त्या रात्री तू कुणाच्या बोटांकडे बघत होतास, ते आता मला येइसनमुळे समजलं.

आता खरं सांगतो. हे सगळं कळल्यावर माझं ते 'घ्या' मागे घ्यायला मी लगेच कचेरीत गेलो नाही. गप्प बसलो. कांदिदा रोज संध्याकाळी विचारायची, घेतला का त्याला? म्हणायची, लिसांद्रोच्या आकड्यांना काय करायचंय, मोसम संपेपर्यंत, जानेवारीपर्यंत, दर चार रात्रींनी त्याची पाळी येईल, तो ग्लव्ह वाजेल, मी खिडकीत बसेन, तुझं काय जातंय? आणि मी विचार करायचो, खरंच, काय जातंय? साहेबांना चिंता नाही. कुठलासा पोरगा एक वर्ष थांबेल. मीही पाठ करून बसेन आणि ऐकेन. लेका, मला इतकं सुख झालं होतं त्या दुपारी, की माझी मला लाज वाटते.

पण बॅटला आवाज ऐकू येत नाही. भरलेलं मैदान, दिवे लागलेले, समोर विशीतली पोरं, आणि तू त्या उंचवट्यावर उभा राहून कुणी न केलेल्या खुणेला मान डोलावणार. ते तुला झोडपतील. एखादा चेंडू सरळ तुझ्याच तोंडावर परत येईल आणि तुला वाकायला वेळ मिळणार नाही. आणि मी पाठ करून बसलेला असेन. तुला दिसणार नाही, मला दिसणार नाही, आम्हा नवराबायकोला आमचा मुलगा ऐकू यावा म्हणून तू मार खात राहशील. हे डोक्यात आलं आणि मी उठून टोपी घातली.

मी नाही म्हणून आलो, रादामेस. तुझ्या दंडात आता एक अख्खा डावही शिल्लक नाही, लिसांद्रोचं यंत्र बरोबर होतं आणि माझा कान चुकला. साहेबांनी विचारलं, चुकला कसा? ग्लव्हचं मी सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारा झालोय. लिसांद्रोनं मला एका अक्षरानं टोचलं नाही, उठून माझ्यासाठी कॉफी आणली, ती मला फार कडू गेली. तुला माझा राग येईल. येऊ दे. दुसऱ्या कुणी घेतलं तर तेही मी आडकाठी करून थांबवेन, एवढं लक्षात ठेव. एक मुलगा गेला तेवढं पुरे झालं मला.

कांदिदाला घरी येऊन सांगितलं.  ती उठली आणि मैदानाकडची खिडकी लावून घेतली. ती खिडकी आम्ही इथे राहायला आल्यापासून कुणी लावलेली नव्हती. गंजली होती, तिला खांद्यानं ढकलावी लागली. तेव्हापासून ती त्या बंद खिडकीशी बसून आहे आणि मी तुला हे लिहायला घेतलं. कारण मला तुझ्याकडे एक मागायचं आहे आणि ते फोनवर माझ्याच्यानं होणार नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आमच्याकडे ये. तो ग्लव्ह घेऊन ये. मागच्या अंगणात आंब्यापासून धुण्याच्या दगडापर्यंत अंतर जवळजवळ पिचरपासून कॅचरपर्यंत असतं तेवढंच भरतं. माझे गुडघे वाकत नाहीत, मी बाटल्यांच्या खोक्यावर बसेन आणि पकडेन. तुझ्यात जे उरलंय ते संघाला पुरणार नाही, पण त्या ग्लव्हला भरपूर आहे. माझ्या हाताची काळजी करू नकोस. कांदिदाचं यानं भलं होईल की वाईट, मला कळत नाही. मला एवढंच कळतं की ती खिडकी उघडेल. ती पुरे म्हणेपर्यंत टाक. आणि ती पुरे म्हणालीच नाही, तर सोमवारीही ये.

तुझाच,
म्हातारा मास्तर निकानोर