आता मलाच विचारा

ती. आई,

वाकता येत नाही, म्हणून इथूनच तुझ्या पाया पडते. चिकलठाण्यात आम्ही सगळे बरे आहोत.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे माझा हा नसांचा आजार, झालेल्यांचं जगणं कसं चाललंय, ते मोजायला काल दवाखान्यातून एक बाई आल्या. मी समोर बसलेली, तरी प्रश्न ह्यांना.

"आंघोळीला त्रास होतो?"

"छ्या, कसला त्रास? आमची आई घालती ना!"

बाईंनी 'त्रास नाही' असं लिहिलं. मला शिसारी आली. सासूबाई रोज नाक मुरडून अंगावर पाणी ओततात, ते कुणी मोजायचं?

म्हटलं, "ताई, पहिल्यापासून विचारा, मला. अन् अहो, तुम्ही जरा बाहेर बसा."

हे अजून फुगलेत. मी मात्र पोटभर जेवले.

तुझे गुडघे कसे आहेत? दादाला विचारणार नाही, तूच सांग.

तुझी,
सायली