खांदा गोल कंसात

४ मार्च
बाबा महिनाअखेर शिंपीकामाच्या दुकानाला कायमचं कुलूप लावणार. मला विचारलंसुद्धा नाही! म्हणे, "तुझी शिलाई माझ्यापेक्षा सरळ आहे, पण गिऱ्हाइकांची मापं? माझं अक्षर तुला लागत नाही." खरंच आहे. तीस वर्षांची वही, आणि ती फक्त त्यांनाच वाचता येते.

मी म्हटलं, सगळी मापं कॉम्प्युटरवर घेते. मामेबहीण फोनवर पायथन शिकवतेय, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना द्यायची भाषा. बाबा म्हणाले, "एक कोट चुकला की खेळ संपला." ठीक आहे. बघूच!

७ मार्च
बाबा वाचतात, मी टाइप करते. लिस्ट म्हणजे चौकोनी कंसात ओळीने आकडे. कंबर वाढली की तेवढाच आकडा बदलायचा. सोपं आहे की!

११ मार्च
वाद्यवृंदाचे बारा कोट आले. बारा वेळा तेच कोण लिहीत बसणार? एक कोरी लिस्ट केली, गुणिले बारा केलं आणि प्रत्येकाच्या नावाखाली माप भरत गेले. सगळ्यात शेवटी धिप्पाड ढोलवाला. कागद छापून बाबांच्या हातात दिला. काय ऐट होती माझी!

१३ मार्च
घात झाला. बाबांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवून दोन कोट कापले. तिसऱ्याला थांबले — "बासरीवालीचा खांदा वीस?" बघते तर बारा नावं बरोबर, आणि प्रत्येकाखाली माप ढोलवाल्याचं!

"या कोटात ती, तिची बासरी आणि तिची आईसुद्धा मावेल." मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. कापलेलं कापड पुन्हा मोजून म्हणाले, "नशीब, शेवटी ढोलवाला होता. बासरीवाली असती तर कापड गेलं होतं." दोन्ही कोट लहान करता येतील. दुकानाचं काय, हे विचारायची मात्र भीती वाटली.

१४ मार्च
मामेबहीण म्हणाली, "अगं, तू बारा वह्या केल्याच नाहीस. एकाच वहीवर बारा नावं चिकटवलीस!" सकाळभर स्वतः करून पाहिलं. एकीत आकडा बदलला की बाराही बदलतात. लिस्ट जागच्या जागी बदलते, हीच तिची सोय आणि हाच तिचा दगा. आता प्रत्येकाला वेगळी, नवी लिस्ट.

उलट नावातलं एक अक्षर बदलायला गेले, तर पायथन ऐकेना. पूर्ण नाव नव्याने लिहा म्हणे. आकडे चौकोनी कंसाऐवजी गोल कंसात लिहिले की त्याला टपल म्हणतात; तेही तसंच हट्टी. एकदा केलं की आत हात घालायचा नाही.

बाबांना विचारलं, अंगाचं कुठलं माप बदलत नाही? क्षणभरही न थांबता — "मोठ्या माणसाचा खांदा. पोट येतं-जातं, खांदा तोच." मग ठरलं. पोट चौकोनी कंसात, खांदा गोल! मुद्दाम एकाचा खांदा बदलून पाहिला. एरर! एररचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

१९ मार्च
बाराही कोट गेले. बासरीवालीने आरशात तीनदा वळून पाहिलं. बाबांनी वही वरच्या फळीवर ठेवून दिली.

२४ मार्च
सात दिवस उरले. दुकानाचं विचारणार नाही. रोज वही खाली काढून, बाबांकडून वाचून घेऊन दहा मापं भरणार.

३० मार्च
वही संपली! शेवटचं पान बाबांचं स्वतःचं. खांदा अठरा.

३१ मार्च
सकाळी बाबांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. "चालव. आणि आधी माझा कोट शिव." फीत लावली. खांदा सोळा. पुन्हा मोजला. सोळाच.

"बाबा, खांदा बदलत नाही म्हणाला होतात ना?"

"अंग झिजत चाललंय, डॉक्टर दोन महिने सांगतायत. म्हणून तर बंद करत होतो." मग म्हणाले, "रडू नकोस. नवा आकडा लिही. जुना मात्र पुसू नकोस."

पुसता येतच नाही, बाबा. गोल कंसात आहे.