मलाकीची हजेरी

ड्रमकॅरा, जि. मोनॅहन
मंगळवार, २ एप्रिल २००२

प्रिय अटरॅक्टा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर, आणि गुडघ्याचं रडगाणं मी तुझ्यापुढे गाणार नाही. कोंबड्या अंडी घालताहेत. बटाटे लावायचे राहिलेत, जमीन अजून ओली आहे. तुझ्या घरी सगळे खुशाल असतील असं धरून चालते. तुझ्या नवऱ्याच्या पाठीचं कानावर आलं होतं. पण परवा लॉरकन दंडाला स्वयंसेवकाची पट्टी बांधून तासभर ताठ उभा होता, म्हणजे बरा झाला असणार.

तुझी केक ठेवायची काचेची ताटली माझ्याकडे राहिली आहे. चार वर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. ती पोचवायची कशी हे विचारायला म्हणून लिहायला घेतलं. तू राहतेस तीन मैलांवर. वारा इकडचा असला तर तुझा कुत्रा भुंकलेला मला ऐकू येतो. पण हे पत्र आधी डब्लिनला जाणार, मग बेलफास्टला, आणि मग तुझ्या दारात, असं आमचा पोस्टमन सांगतो. तुमच्या त्या अठ्ठ्याण्णवच्या शांतता करारानं पुसली म्हणतात ती उत्तर-दक्षिणेतली रेषा हीच बरं का. असो. भांडायला बसलेली नाहीये.

चहा टाकायला उठले होते. टाकला आणि विसरले, तो कडू झाला. कालपासून असंच चाललंय. झाडू घेते, अर्धं घर झाडते, झाडू कुठे ठेवला ते आठवत नाही. कोंबड्यांना दोनदा दाणे घातले. त्या खूश आहेत.

ताटलीचं खोटं आहे. म्हणजे ताटली आहे, पण पत्र त्यासाठी नाही. मला तुला एकच विचारायचंय. रविवारी तू गप्प का बसलीस?

स्मरणसभेत तुझ्या पोरीनं यादीतलं नाव वाचलं. माझ्या भाचीचा आवाज मी चार वर्षांनी ऐकला, किती खणखणीत झालाय सोरखाचा आवाज! "मलाकी," तिनं म्हटलं, आणि कागदावरून नजर उचलून तुझ्याकडे बघितलं. तू काही बोलली नाहीस. सत्तावीस वर्षं दर ईस्टरला त्या नावाला उत्तर गेलं आहे. यंदा गेलं नाही. सख्खी बहीण दहा पावलांवर उभी आणि भावाच्या नावाला उत्तर नाही! काल सकाळी मी तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यात हेच होतं, पण जास्त तिखट. तू विकली गेलीस, आता आवाजही गेला, असलं काहीबाही. ते चुलीत घातलं.

घातलं, कारण त्यात मी माझं काहीच लिहिलं नव्हतं.

तर आता माझं. मी उशिरा का आले, ते तुझ्या लॉरकननं घरी गेल्यावर रंगवून सांगितलंच असेल. आता माझ्या तोंडून ऐक. तू रविवारच्या मिस्सेला येतेस म्हणून मी शनिवारची गाठते. गाव तेच, चर्च तेच, रेषा शेतांना आहे पण चर्चला नाही, तेव्हा तुला टाळायचं तर दिवसच बदलावा लागतो. आणि फादर सूचना वाचायला लागले की मी उठते, कारण त्यात ते दोन्ही स्मरणसभांच्या, करार मानणाऱ्या तुमच्या आणि न मानणाऱ्या आमच्या, वेळा सांगतात आणि तुमची आधी सांगतात. आमची दोनला, तुमची तीनला, तरी तुमची आधी! तर शनिवारी मी उठले. उन्हाळी वेळ सुरू होतेय, रात्री घड्याळं तासभर पुढे करायची आहेत हे फादरनी त्यानंतर सांगितलं म्हणे.

रेडिओ मी गुरुवारपासून बंद ठेवला होता, कारण त्यावर तुमचा कोणीतरी शांततेची फळं काय ती मोजत होता. रविवारी दुपारी फोन वाजला, दोनदा. उचलला नाही. वाटलं, लॉरकनचा असेल, यंदा दोन्ही सभा एकत्र करू म्हणून पुन्हा गळ घालायला. तो होता पॅकीचा. पॅकी आमच्यातला सगळ्यात जुना, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दफनभूमीच्या फाटकाशी थंडीत उभा राहून नातवाच्या मोबाईलवरून विचारत होता की बाई तू आहेस कुठे. आम्ही आता नऊच जण उरलोय. नऊतले आठ तिथे उभे, आणि नावांची यादी नवव्या बाईच्या हँडबॅगेत! थांबले, थांबले, आणि तुमच्या बसेस येताना दिसल्या तेव्हा रोझरीची प्रार्थना म्हणून निघून गेले. यादीशिवाय नावं कशी वाचणार? पाठ आहेत सगळ्यांना, पण पॅकी म्हणाला, एखादं सुटलं तर त्या घराला काय तोंड दाखवायचं.

आणि मी भिंतीवरच्या आईच्या घड्याळात पावणेदोन बघून, कोटाला आपल्या हुतात्म्यांची कागदी लिली टाचून, आरामात टेकडी चढत होते.

पुढचं तू बघितलंसच. फाटकात बँड, झेंडे, माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या कोटाला तीच कागदी लिली, तीच टाचणी. माझं डोकंच फिरलं.

"लाज वाटत नाही?" मी ओरडले. "दोनची वेळ आमची आहे! सगळं विकून झालं, आता दफनभूमी पण ढापायला निघालात?"

"डिम्पना, तीन वाजलेत," लॉरकन म्हणाला.

"तुझ्या घड्याळात वाजले असतील!"

"अगं, माझ्या एकट्याच्या नाही, अख्ख्या देशाच्या घड्याळात वाजलेत. काल रात्री घड्याळं पुढे गेली."

आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पुढे जायचं म्हटलं की डिम्पनाचा विरोध ठरलेलाच!"

हसले सगळे. बँडवाला तो जाडा तर ढोलावर रेलून हसला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते, इतकं बरोबर बसलं होतं ते. तू हसली नाहीस. ते मी बघितलं. बघितल्याचं दाखवलं नाही.

परत जायला वाट नव्हती, फाटकात बँड. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि ठरवलं, कानात बोळे घातल्यासारखं राहायचं. भाषण झालं. तुमच्या त्या पाहुण्यानं दोनदा "टप्पा" म्हटलं आणि तीनदा "संयम". मी मनात म्हटलं, त्या कबरीत आपला मलाकी आहे, बावीस वर्षांचा पोरगा, तो कुठल्या टप्प्यासाठी गेला ते तुम्ही ठरवणार? चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैनिकांनी त्याला तुझ्या घरापासून दीड मैलावर रस्त्यात मारलं, तेव्हा ती रेषा जिथे होती तिथेच आज आहे. तिच्यावरचा लष्कराचा टेहळणी मनोरा काढला, रस्ता डांबरी केला, म्हणून ती गेली का? माझं मत बदललेलं नाही, अटरॅक्टा. हे पत्र वाचताना मध्येच तसं वाटलं तर ती आशा सोड.

मग सोरखानं यादी उघडली.

आई आठवली गं. पंच्याहत्तरचा तो पहिला ईस्टर. कबरीवरची माती अजून बसली नव्हती. कमिटीतला माणूस नावं वाचत मलाकीपर्यंत आला, आणि गर्दीतून आईचा आवाज आला, "हजर!" शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा तो म्हणायचा तसा, तसाच आवाज काढून. तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की आठवडाभर वळ होता. पुढच्या वर्षापासून सगळ्याच घरांनी धरलं ते. नाव आलं की त्या घरातलं कोणीतरी म्हणणार, "हजर". आई गेल्यावर आपण दोघी म्हणायचो, एकदम, एका श्वासात. अठ्ठ्याण्णवच्या त्या मतदानापासून मी दोनला म्हणते, तू तीनला.

रविवारी सोरखा एकेक नाव वाचत होती आणि एकेका घरातून "हजर" येत होतं. तिनं "मलाकी" म्हटलं. तू मान वळवलीस. माझ्याकडे. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि ओठ मिटून घेतलेस.

मला कळलं होतं. पत्राच्या सुरुवातीला विचारलं ना, गप्प का बसलीस, ते उगाच विचारलं. मला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. आमची सभा बुडाली, आमच्यातलं कोणी त्याचं नाव घेतलं नाही, हे तुला कळलं होतं, आणि तू तुझी पाळी मला दिलीस. एवढ्या सगळ्यांसमोर.

आणि माझं तोंड उघडलं होतं, अटरॅक्टा. शब्द जिभेवर होता. पण मनात आलं, इथे, यांच्या बँडसमोर, यांच्या यादीला मी "हजर" म्हटलं तर उद्या गावभर होईल की डिम्पनापण आली शेवटी आमच्याकडे. पॅकी काय म्हणेल. पेपरात फोटो येईल. तुमचा तो पाहुणा येऊन हात हातात घेईल. एवढं सगळं मनात यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात सोरखा थांबली, तिनं एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढचं नाव वाचलं.

मी उत्तर दिलं नाही. आई असती तर मला तिथेच थोबाडीत मारली असती.

करारावर मत टाकायच्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू तुझ्या बाजूला 'हो' टाकून केक घेऊन आली होतीस, मी माझ्या बाजूला 'नाही' टाकून आले होते. मी म्हटलं, "तू मलाकीला विकलंस." तू म्हणालीस, "मेलेल्याच्या नावावर मत टाकू नकोस, डिम्पना. माझी पोर यादी वाचणारी राहू दे, यादीतली नको." आणि केक ताटलीसकट टाकून गेलीस. मला ते तेव्हा भेकडपणाचं वाटलं. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तुम्ही लोकांनी त्याचं नाव वापरलं. आणि रविवारी त्याचं नाव आलं तेव्हा मीच ते मुठीत धरून बसले, कोणाला मिळू नये म्हणून. तुम्ही सगळे त्याला बोलावत होता, आणि मीच त्याला येऊ दिलं नाही. मला लाज वाटते. आजवर पापकबुली देताना फादरला सुद्धा मी हा शब्द एवढ्या खरेपणानं म्हटलेला नाही.

काल दुपारी मी एकटीच वर गेले. कबरीपाशी उभी राहून म्हटलं, "हजर." तीनदा म्हटलं. काही होत नाही गं तसं. आधी कोणीतरी नाव पुकारावं लागतं. मी स्वतःच पुकारून स्वतःच उत्तर देऊन बघितलं, तर कुंपणापलीकडची गाय बघायला लागली. हसशील. हस.

पॅकीला सांगितलं सगळं. वाटलं, चिडेल. त्यानं पाइप ठोकून रिकामा केला आणि म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर मीही गप्प बसलो असतो. आणि मलाही तुझ्यासारखीच झोप लागली नसती." एवढंच. मग माझ्या भिंतीकडे बघून म्हणाला, "आणि बाई, ते घड्याळ पुढे कर आता." मी म्हटलं, करते.

केलं नाहीये. मुद्दामच. आता नीट वाच.

येत्या रविवारी, सात तारखेला, मी वर जाणार आहे. पॅकी नाही, आमचे आठ नाहीत. झेंडा नाही. तूही कोणाला आणू नकोस, लॉरकनला तर मुळीच नको, तो येईल आणि एकत्र सभेचं काढेल. सोरखा येत असेल तर येऊ दे, तिचा आवाज चांगला आहे. कुठलंही भाषण नको. मी करारावर बोलणार नाही आणि तू शांततेवर बोलायचं नाही. रेषा आहे तिथे आहे, आणि माझं 'नाही' आहे तिथे आहे. पण एकीनं नाव घ्यायचं आणि दोघींनी मिळून उत्तर द्यायचं. एका श्वासात, पूर्वीसारखं. मला एकटीला ते म्हणता येत नाही, हे काल कळलं.

वेळेचं मात्र ऐक. तुमच्या तीनला मी येणार नाही. आमच्या दोनला तू यावंस असं मी म्हणणार नाही. आईचं घड्याळ अजून तासभर मागेच आहे. तू तुझ्या घड्याळात तीन बघून नीघ. मी माझ्या घड्याळात दोन बघून निघते.

ताटली घेऊन येते. रिकामी आणणार नाही.

अजून 'नाही'च म्हणणारी, आणि रविवारी नक्की हजर असणारी,
तुझी बहीण
डिम्पना