रेतीवरची घरं

६ एप्रिल, सोमवार
माफ कर. दिवाळीनंतर तुला उघडलंच नाही. कारणं बरीच देता येतील, पण खरं एवढंच की लिहून ठेवावं असं चांगलं काही मनात नव्हतं. आजही नाही.

प्राचार्य सरांनी आज स्टाफरूममध्ये वर्षाने काढलेला नकाशा टेबलावर पसरला. भूगोलाला आलेली ही नवी मुलगी, वय एकोणतीस, येऊन आठ महिने झाले. नकाशात आपलं अख्खं गाव: वैनगंगेचं वळण, नाला, राइस मिल, एकेक मोहल्ला, त्यात घरं किती, माणसं किती. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइल पेंटने रंगवणार. खाली तिचं नाव.

याच गावाची अशीच फाईल मी अकरा वर्षं करते आहे. सरांना ठाऊक आहे. म्हणाले, "मॅडम, आपका तो चलता ही रहता है. इनका बनके तैयार है."

मी हसले. सगळ्यांना दिसेल असं.

७ एप्रिल
नकाशा सुंदर आहे. (हे वाक्य लिहायला दहा मिनिटं लागली.) नदीचं वळण तिने मोबाईलवरच्या उपग्रहाच्या चित्रावरून गिरवलं. मी तेच वळण काठाने चालून काढलं होतं, पायात काटे मोडून घेत. माझं थोडं चुकलंय. तिचं बरोबर आहे.

यांनी जेवताना विचारलं, "काहून वो, भाजी काहून टाकून राह्यली? त्या पोरीनं नकाशा काढला त तुह्या पोटात काहून दुखते?"
म्हटलं, नाही दुखत.
"हौ, मंग जेव."

९ एप्रिल
सापडलं!

तिच्या नकाशात नदीच्या पात्रात एक वस्ती आहे. नाव दिलंय नदीटोला. असा टोला नाही. खालच्या मोहल्ल्यातले ढीमर, म्हणजे मासेमार, दिवाळीनंतर रेतीवर डांगरांच्या (खरबुजांच्या) आणि टरबुजांच्या वाड्या लावतात, झोपड्या बांधून तिथेच राहतात, पावसाळ्याआधी घरी परततात. तिने पोरांची एक टोळी मोहल्ल्यात पाठवली, दुसरी रेतीवर. मोहल्ल्यात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. रेतीवर तीच माणसं पुन्हा मोजली गेली. आणि झाली बेरीज.

आषाढात तिचा टोला पाण्याखाली जाणार. हे लक्षात आल्यावर मला किती आनंद झाला तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

तिला सांगितलं नाही. कधी सांगायचं ते ठरवलंय: भिंत रंगून झाल्यावर, उद्घाटनाला, चार लोकांदेखत. अगदी गोड आवाजात.

१० एप्रिल
मधल्या सुट्टीत वर्षा डबा घेऊन शेजारी येऊन बसली. आईने पाठवलेलं बोराचं लोणचं वाढलं. "घ्या ना ताई, तुमाले आवडन." खाल्लं. चांगलं होतं. तेही सहन झालं नाही.

नववीच्या पोरांना सांगते, नोंद चुकलेली दिसली तर लगेच बोला. आणि स्वतः…

१२ एप्रिल, रविवार
पुरावा पक्का हवा, म्हणून सकाळीच रेतीवर गेले. झोपड्यांतली नावं टिपायची आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. जनाबाई नावाची म्हातारी रेतीत खणलेल्या झिऱ्यातून पाणी काढून वेलांना घालत होती. तिने लांबूनच ओळखलं.

"या मॅडमबाई. आज रस्ता भुलल्या का?"
म्हटलं, मोजायला आले.
"आमाले? आतापर्यंत त कधी मोजलं नाही. दर मे महिन्यात आमच्या गल्लीत येता, कुलपं पाहता, कागदावर काहीतरी मारता अन् जाता. वरच्या आळीवाले सांगतात ना."
मी विचारलं, मेमध्ये घरी कोणीच कसं नसतं?
"तवाच त माल निघते, बाई. म्हातारेबी इथंच. अन् तुमी म्हणे लिहिलं का आमी नागपूरले गेलो!" तिने हात फिरवून सगळी रेती दाखवली. "घ्या, पाहा आमचं नागपूर."

वाडीतल्या बायका खो खो हसल्या. मग एकीने डांगर कापून माझ्या हातावर ठेवलं.

घरी येऊन फाईल काढली. मी मेमध्ये मोजते, कारण सुट्टी तेव्हाच असते. खालचा मोहल्ला, नदीकडची गल्ली: बंद. बंद. बंद. अकरा वर्षं, नीटनेटक्या अक्षरात. शेरा: 'स्थलांतर, बहुधा नागपूर.' तिसऱ्या वर्षापासून 'बहुधा'ही नाही. बालाघाटला शिक्षकांच्या बैठकीत याच गल्लीवर मी निबंध वाचला होता. टाळ्या पडल्या होत्या.

वर्षाने त्यांना दोनदा मोजलं. मी एकदाही नाही.

१३ एप्रिल
वर्षा आज आपणहून आली. "ताई, खालच्या मोहल्ल्याची माही बेरीज जास्त येऊन राह्यली. कुठंतरी गडबड आहे. तुमची फाईल पाहू द्या ना."

फाईल माझ्या पिशवीत होती. म्हटलं, घरी आहे.

तिला शंका आली आणि तिने विचारलं. आठ महिन्यांत. मला अकरा वर्षांत शंकासुद्धा आली नाही. नकाशापेक्षा हे जास्त खुपतंय.

१५ एप्रिल
काल जयंतीची सुट्टी. मिरवणुकीत वर्षा दिसली, तिने हात केला. मी गर्दीचं निमित्त करून वळले.

आज पेंटरने नदी रंगवली, मोहल्ले झाले. 'नदीटोला' खडूने लिहून ठेवलंय. त्यावर रंग आणि सगळे आकडे उद्या. सर म्हणाले, "मॅडम, एक बार आप देख लीजिए. आप तो पुरानी हैं."
"देखती हूँ," म्हटलं.

यांना शेवटी सगळं सांगितलं.
"मंग सांगून टाक त्या पोरीले."
"आणि माझ्या फाईलचं काय?"
"तुही फाईल कोन वाचते वो?"

ती वाचेल. तीच एक वाचेल, पहिल्या पानापासून.

फाईल न दाखवताही तिची चूक सांगता येते. दोन वाक्यांचं काम. ती वाक्यं मी भाकरी थापता थापता तयारही केली. फार सभ्य आहेत. त्यांत मी मोठी दिसते, आणि ती गल्ली माझ्याकडे बंदच राहते.

इथे लिहिलं म्हणजे मी करीनच असं नाही. माझं मला ठाऊक आहे. तरी,

उद्या: पेंटर यायच्या आधी फाईल वर्षाच्या हातात देणे.