गाणी न टाकलेली अकरा मिनिटं

नाशिक,
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. मागच्या रविवारी गावी जाऊन आले. भात चांगलं निसवलंय आणि बाबांचा गुडघा दुखतोय. स्नेहल वहिनीला नमस्कार. चिऊला अक्षरं यायला लागली का?

तू चिडला असशील. मी फोन उचलत नाही, उचलला तर "नंतर करते" म्हणून ठेवते. अरे, माझ्या फोनचा स्पीकर गेलाय. समोरचा माणूस गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. दुरुस्तीला टाकायचाय, पण होत नाहीये. आणि एसएमएसात हे सगळं मावत नाही. मागे तुला पत्र लिहिलं होतं तेव्हा तू भुसावळला ट्रेनिंगला होतास आणि मी एका पानात तीनदा जीन्स मागितली होती. आज तसलं काही नाही.

काम असं आहे. घरातल्या सगळ्या सीड्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. तुझं लग्न, चिऊचं बारसं, बाबांचा रिटायरमेंटचा सत्कार, सगळं मिळून सव्वीस. सात वर्षं कपाटात पडून त्यांच्या कडा धुरकट व्हायला लागल्यात. बारशाची एक तर आता टीव्हीवर फक्त गोल फिरते, दाखवत काही नाही. दिवाळीच्या आत सगळ्या उतरवायच्यात.

पण कशात उतरवायच्या? मी तीन आठवडे यातच अडकलेय. कॉलेजसमोरच्या सायबरवाल्या वाल्मीकला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, डायरेक्ट कॉम्प्रेस मारा. सहाशे एमबीचं दोनशे होईल. अख्खं लग्न एका डीव्हीडीत बसवून देतो."

म्हटलं, "आणि आवाज?"

"आवाज कोण ऐकतं लग्नाचा? गाणीच तर असतात."

बरोबर बोलला तो. तुझ्या लग्नाच्या चार सीड्या मी पुन्हा बघितल्या. आई जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये आहे. हळद लावताना, विहिणीला ओवाळताना, वाढप्यांवर ओरडताना. तिचं तोंड सारखं चालू आहे आणि वर सिनेमाची गाणी. चार वर्षं झाली तिला जाऊन, आणि घरात तिचे एवढे तास आहेत, पण आवाज नाही.

फक्त अकरा मिनिटं सोडून.

तुला आठवतं का? तीन नंबरच्या सीडीच्या सुरुवातीला, मांडवामागे बायका भाकरी थापतायत. घोटीचा गोटीराम (त्याच्या दुकानावर बाबा किती हसायचे, घोटीचा गोटीराम व्हिडिओ मिक्सिंग!) तेवढा तुकडा करत असताना लाइट गेली. लाइट आल्यावर तो पुढचा तुकडा करत बसला आणि मागचा तसाच राहिला, गाणी न टाकलेला. त्याने शूटिंगची कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली, तेव्हा दुसरीकडे कुठेच काही नाही. आई त्यात लाइट धरणाऱ्याला झापते, एवढं मला आठवतं. पुढे काय काय बोलते ते आठवत नाही.

आणि नेमक्या त्याच सीडीला तडा गेलाय. मधल्या भोकापासून बाहेर, नखाएवढा. प्लास्टिकच्या डबीतून उपटून काढताना गेला असणार. वाल्मीक म्हणतो, असली सीडी ड्राइव्हमध्ये फुल स्पीडला फिरली तर आतल्या आत तुकडे होतात. एकदाच वाचून घ्यायची, स्पीड कमी ठेवून, आणि जमलं तर जमलं. म्हणून सेटिंग आधी नक्की करायचंय. नंतर पुन्हा करू, असं नाही इथे.

सोबतच्या सीडीत वरातीच्या बँडचे दोन तुकडे आहेत (तिथे गोटीरामने बँडचाच आवाज ठेवला होता). पहिल्यात आवाज दाबून लहान केलाय, दुसऱ्यात मूळचा जसाच्या तसा आहे. दोन्ही ऐक आणि कोणता बरा ते कळव. मला ठरवता येत नाहीये.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुला वाटतं गाणी टाकायची आयडिया गोटीरामची. त्याची नव्हती. मिक्सिंगच्या दिवशी तुम्ही दोघं देवाला गेला होतात आणि बाबांनी मला घोटीला पाठवलं होतं. मी एफवायला होते, नाशिकच्या हॉस्टेलवरच्या मुली सीडी बघायला मागत होत्या. गोटीरामने विचारलं, "ताई, बोलणं ठेवू का मधी मधी? घरच्या माणसांना बरं वाटतं." पडद्यावर आई तिच्या पेठकडच्या बोलीत कुणाला तरी हाका मारत होती. मी म्हटलं, "नको, सगळीकडे गाणी टाका." तो म्हणाला, "आईचं तरी राहू द्या." मी म्हटलं, "आईचं तर नकोच."

लाइट गेली म्हणून राहिलेल्या तुकड्यावरून मी त्याच्याशी भांडलेसुद्धा होते.

असो. लवकर कळव.

तृप्ती

ता. क. तुमच्या रेल्वेत ड्रायव्हर लोकांचे कान दरवर्षी तपासतात ना? कसे तपासतात रे? सहज विचारतेय.


नाशिक,
रविवार, १९ ऑक्टोबर २००८

प्रिय दादा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. गाण्यांबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते रागाने की मायेने, मला कळलं नाही. बँडबद्दल मात्र लिहिलंस, "दुसऱ्यात बँड बँडसारखा वाजतो, पहिल्यात पत्र्यावर गारा पडल्यासारखा. बहिऱ्यालाही कळेल, तुला काय ठरवता येत नाही?"

नाही कळत, दादा. तपासून बघितलं.

फोन ठणठणीत आहे. डावा कान जवळपास गेलाय आणि उजवा चाललाय. जूनपासून. आधी मला पोरांचा राग यायचा. हजेरी घेताना ती तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटायचं. मी सरळ गैरहजेरी मांडायचे. एक मुलगी ऑफिसात जाऊन रडली, "मी पहिल्या बाकावर बसते, रोज हजर म्हणते, मॅडम माझ्याकडे बघून फुली मारतात." तेव्हा मी डॉक्टरकडे गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने काचेपलीकडच्या बाईंनी हातानेच सांगितलं, झालं, या बाहेर. एवढा वेळ त्या आवाज सोडत होत्या.

नस कमजोर झाली म्हणतात. का, ते माहीत नाही. किती दिवस, तेही माहीत नाही. सहा महिने, वर्ष, कदाचित आहे तिथेच थांबेल. मशीन लागेल. मशीनने आवाज मोठा होतो, स्वच्छ होईलच असं नाही. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, लहान पोरांचे. ट्रकचा हॉर्न मला अजून येतो. बाबांना सांगितलेलं नाही. चार महिने झाले, नोकरी तासावरची आहे, दिवाळीनंतर बोलावतील की नाही या भीतीने कॉलेजातही धड सांगितलेलं नाही. म्हणून दिवाळीच्या आत. सीड्यांना घाई नव्हती, मला होती.

शिक्षा वगैरे मी मानत नाही. पण रोज सकाळी उठल्या उठल्या उशीवर नख घासून बघते, आज येतं का.

आता सीडीचं सांगते. तुझं पत्र यायच्या आधीच मी ती लावली. थांबवलं नाही गेलं. गेल्या मंगळवारी दुपारी तास नव्हता. स्पीड कमी करायचं सॉफ्टवेअर वाल्मीकने टाकून दिलं होतं, मी चारवर ठेवलं, कॉपी सुरू केली आणि हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसले. दोन टक्के, तीन टक्के. मला खूप छान वाटत होतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि मी किंचाळले.

खालच्या मजल्यावरच्या कुसाबाई होत्या, आमच्या घरमालकीण, स्वतःकडच्या किल्लीने आत आलेल्या. तोंड माझ्यासमोर आणून ओरडत होत्या, "अगं पोरी, कधीची दार बडवते! काय दळतीयेस काय घरात? खाली माझ्या भिंतीला ऐकू येतंय!"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. कॅबिनेटवर हात ठेवला. सगळं थरथरत होतं. स्पीडचं सेटिंग लागलंच नव्हतं. मी फक्त आकडा निवडला होता, खालचं बटण दाबलं नव्हतं. सीडी फुल स्पीडला फिरत होती, करकरत, किंचाळत असणार, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून हसत होते.

ट्रे बाहेर काढला तेव्हा तडा दुप्पट झाला होता.

कुसाबाईंनी पाणी दिलं. मग कमरेवर हात ठेवून मला न्याहाळलं. "तुला ऐकू येत नाय ना? मला दोन महिने झाले संशय. दूधवाला हाका मारून मारून जातो, तू हाय आपली केस विंचरत." पहिल्यांदा कुणीतरी सरळ तोंडावर बोललं. मी रडले थोडी, रडत रडत नसेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रडून काय नस जोडली जाते का? बोल, काय करायचंय या ताटलीचं."

दोन दिवस मी त्या सीडीला हात लावला नाही. शुक्रवारी पुन्हा बसलो आम्ही. तड्याच्या टोकाला वरून बारीक चिकटपट्टी लावली, बटण नीट दाबलं, तीनदा तपासलं. कुसाबाई ड्राइव्हला कान लावून स्टुलावर बसल्या, करकरलं की हात वर करायचा असं ठरवून. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. पडद्यावरच्या पट्टीकडे नाही, फक्त त्यांच्या हाताकडे. मांडीवर ठेवलेला, हिरव्या बांगड्यांचा. दोनदा बोटं हलली, मी माऊसकडे हात नेला. एकदा त्या पदर सारखा करत होत्या, एकदा माशी. पन्नास मिनिटं लागली. काही दाबलं नाही, काही कॉम्प्रेस केलं नाही. आहे तसं घेतलं. सीडी बाहेर काढली आणि डबीत ठेवताना तिचे दोन तुकडे झाले.

तर आता जे आहे ते एवढंच आहे.

चित्र मी बघितलं. सुरुवातीला चौकोन चौकोन होतात, अडकतं, मग सुटतं. आई दिसते. चुलीपुढे बसलीय, हातावर पीठ, लाइट डोळ्यावर आला म्हणून तोंड फिरवते आणि बोलायला लागते. मग बोलतच राहते. मध्येच हसते. एका ठिकाणी कॅमेऱ्याकडे बघून, थेट, काहीतरी सांगते आणि बाजूच्या बायका पदर तोंडाला लावतात. मी आवाज पूर्ण सोडला, उजवा कान स्पीकरला चिकटवला. मला घूं असं काहीतरी येतं. चूल असेल, जनरेटर असेल, माझं डोकं असेल.

मग आवाजाचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यात आवाजाची रेघ दिसते. रेघ आहे, दादा. वर खाली होते. पण तड्याची करकरही अशीच दिसत असणार. ती रेघ आईची आहे की फुटक्या सीडीची, हे मला बघून सांगता येत नाही.

कुसाबाई म्हणाल्या, "लाव की, मी ऐकते आन् सांगते तुला." मी नको म्हटलं. त्यांना शब्द कळतील, पण ती आईच आहे का, ते त्यांना कसं कळणार? ते फक्त तुला कळेल. बाबांना कळेल, पण त्यांना ऐकवायचं तर सगळं सांगावं लागेल.

म्हणून कॉपी तुला पाठवतेय. दोन प्रती केल्यात, दुसरी माझ्याकडे आहे. वहिनी घरात नसताना एकटा ऐक. चिऊ असली तरी चालेल. आणि आई जे बोलते ते लिहून पाठव. सगळं. झापते ते, शिवी दिली असेल तर ती, हाका, अर्धी राहिलेली वाक्यं. ती बोलते तसंच लिही, आपल्यासारखं करू नकोस. मी वाचत वाचत चित्र लावेन आणि तिच्या ओठांवर बसवेन.

फोन करू नकोस. धावत येऊही नकोस, आधी लिही.

आणि त्यात काहीच नसलं, नुसती करकर असली, तर तसं लिही. माझी दया येऊन मनाने काही भरू नकोस. तू लिहिशील ते मी आईचं म्हणून आयुष्यभर धरून बसेन, आणि खरं की खोटं ते मला तपासता येणार नाही.

वाट बघतेय. घाबरलेय.

तुझी,
तृप्ती