वाकड्या बदामांच्या कुकीज

लोर्ना,

पुन्हा तेच! "तुला साधं अंडं उकडता येत नाही, मग कुकीज कुठल्या बाईनं भाजून दिल्या?" असं लिहवलं तरी कसं तुला?

व्हॅलेंटाइनसाठी त्या मीच भाजल्या, इथल्या कामगारांच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात. आचारी थर्मन दाढी खाजवत म्हणाला, "वेल्डरसाहेब, पिठालापण वेल्डिंग करणार का?" बदामाच्या आकाराचा साचाही मीच पत्रा वाकवून केला, म्हणून बदाम वाकडे आले. साचा सोबत पाठवलाय. त्याचा जोड बघ, आपल्या फाटकाला मी मारलाय तसाच आहे.

खाल्ल्यास तरी, की कुत्र्याला घातल्यास? आपल्या छोट्या एडिथचा खोकला थांबला का?

अजून संशय असेल तर इथे ये आणि त्या दाढीवाल्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

भडकलेला, पण तुझाच,
वेस्ली

ता.क. बसच्या तिकिटासाठी पाकिटात ठेवलेत एकशे चाळीस डॉलर.