आईच्या रेडिओतला चोक

ओस्मेल,

तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर गेली. पॉवर सप्लायची आणि आवाजाची वायर एकत्र बांधून ठेवली होतीस, शहाण्या. मी वेगळ्या केल्या. घरघर गाळायला तू घातलेला चोक, ती तारेची गुंडाळी, लागतच नव्हता.

तो तू आईच्या रेडिओतून काढलास, हे आत्ता मागचं झाकण उघडल्यावर कळलं. बिचारी आठवडाभर दुपारची मालिका लावून बसते. दिवा लागतो, आवाज नाही. आधीच तिला कमी ऐकू येतं. आता कान आणखीच बिघडले असं वाटून सकाळीच शेजारच्या निवाल्दाबरोबर मातान्सासला डॉक्टरकडे गेलीय. मी तिला गाठायला निघालेय.

चोक परत बसव. आणि तिला काय सांगायचं ते तूच सांग. जाताना ती मला म्हणाली, "काल ओस्मेलला विचारलं, रेडिओ वाजतोय का रे? तर म्हणाला, छान वाजतोय की."

मायदेलीन